तिसऱ्या कडीची करकर

मला चार तुकड्यांत वेगळं करून कापडी पिशवीत ठेवता येतं, म्हणून मी मोडकी आहे असं समजू नका. मी गळाची एक जुनी काठी आहे. कोकणात खाडीवर मासे गरवायला बांबूची काठी नेतात, तिची मी दूरची नातलग. इथे इंग्लंडमध्ये मला रॉड म्हणतात. माझ्या अंगावर ओळीने बारीक कड्या आहेत आणि त्यांतून दोरी धावते. मुठीकडून बघितलं तर तिसरी कडी खरखरीत झाली आहे. दोरी तिच्यातून जाताना करकर असा आवाज येतो. मित्रांनो, तो आवाज कुठून आला ते मी सांगणार आहे. सांगायला मला आवडत नाही. पण कडी माझ्याच अंगावर आहे आणि ती दर वेळी बोलते.

माझा जन्म कॉव्हेंट्रीतला. एका घरामागच्या लाकडी शेडमध्ये डेरेक नावाच्या म्हाताऱ्याने मला बनवलं. आयुष्यभर त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं. रिटायर झाल्यावर हात रिकामे राहिले, ते त्याला सहन झालं नाही. पोकळ कार्बनची नळी त्याने विकत आणली, बाकी सगळं हाताने केलं. कॉर्कच्या चकत्या एकीला एक चिकटवून मूठ केली आणि सँडपेपरने घासून गुळगुळीत केली. कड्या हिरव्या दोऱ्याने बांधल्या. वरून वार्निश दिलं आणि ते ओघळू नये म्हणून मला बोटांत धरून हळूहळू फिरवत बसला. रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती. त्याची टीम हरली, पण त्याने मला फिरवणं थांबवलं नाही.

मी पिसांच्या गळाची काठी आहे. म्हणजे माझ्या दोरीच्या टोकाला जिवंत आमिष नसतं. हुकावर पिसं, केस आणि चकचकीत झिरमिळ्या बांधून छोट्या माशासारखं काहीतरी केलेलं असतं. त्याला फ्लाय म्हणतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, सगळं वजन दोरीत असतं. म्हणून मला पुढे-मागे, पुढे-मागे हलवून ती जाड दोरी हवेत उलगडावी लागते, मग ती पाण्यावर जाऊन अलगद पडते. डेरेकने मला सी बास या माशासाठी बनवलं. चंदेरी अंगाचा, काटेरी पाठीचा हा मासा खाडीत शिरतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्याचा एक पट्टेवाला भाऊबंद आहे. तिकडचे लोक त्याला अशाच हलक्या काठीने उथळ खाड्यांमध्ये धरतात. डेरेक त्यांचे व्हिडिओ बघायचा आणि मागच्या गवतावर सराव करायचा.

शेजारच्या घरात वरदा भाड्याने राहायची. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, नवीनच. एका शनिवारी तिने कुंपणावरून विचारलं, "डेरेक, गवतात मासे मिळतात का?"

"अजून नाही मिळाला," डेरेक म्हणाला. "पण मी आशा सोडलेली नाही."

ते इंग्रजीत बोलत होते, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. पुढच्या शनिवारी वरदा कुंपणाच्या या बाजूला होती आणि मी तिच्या हातात होते. सुरुवातीला तिने दोरी स्वतःच्याच गळ्यात गुंडाळून घेतली, मग डेरेकच्या टोमॅटोच्या रोपांत. हळूहळू जमलं. त्याच सुमारास डेरेकचे हात कापायला लागले होते. एक दिवस त्याने मला कापडी पिशवीत घालून तिला देऊन टाकलं.

देताना त्याने तिला काही गोष्टी शिकवल्या. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकायचा, म्हणजे हूक सहज निघतो. माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवायचे. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे धरायचं आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत हात काढायचा नाही. समुद्रावरून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर मीठ कड्या खातं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सी बास लागला तर तो सोडायचाच. कायदाच आहे तसा. ते त्यांचे अंडी घालायचे दिवस असतात.

वरदाने मान हलवली. मी तिच्या हातात होते. तिने ते ऐकलं आणि मीही ऐकलं.

नंतर तिचं लग्न झालं. नवरा अनुप, दापोलीजवळच्या हर्णैचा. हर्णै म्हणजे मोठं मासळी बंदर, पण अनुपला बोट लागायची, म्हणून तो कॉम्प्युटरकडे वळला. दोघं पोर्ट्समथला राहायला आली. मुलगी झाली, तिचं नाव मायरा. घरापासून गाडीने थोड्या वेळावर हेलिंग बेटाजवळची खाडी होती. रविवारी वरदा मला घेऊन तिथे जायची, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहायची. ती माझी चांगली वर्षं. लागलेले बहुतेक मासे ती सोडायची. कधीतरी उन्हाळ्यात एखादा कायद्याच्या मापात बसणारा मासा घरी न्यायची. परत आल्यावर न चुकता मला गोड्या पाण्याने धुवायची. किनाऱ्यावर लोक थांबून मला बघायचे. "लव्हली रॉड," म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बाबा आले.

बाबा म्हणजे अनुपचे वडील, पुरुषोत्तम. हर्णैचे कोळी. जन्म होडीवर गेलेला. बायको वारली, होडी विकली, आणि अनुपने त्यांना इकडे आणलं. दिवसभर ते खिडकीपाशी बसत. हीटिंग किती ठेवू विचारलं तर म्हणत, "ठेव तुला हवं तेवढं." जेवण कसं झालं विचारलं तर म्हणत, "चांगलं." सुपरमार्केटचा मासा प्लास्टिकमधून निघाला की ते एकदा वास घेत आणि काही न बोलता ताट पुढे ओढत. त्या घरात ते महिनोन् महिने हसले नव्हते.

मे महिन्यात वरदा म्हणाली, "बाबा, संडेला माझ्याबरोबर हार्बरला चला. नुसतं बघायला."

त्यांनी मला हातात घेतलं, टोकाचा फ्लाय उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हे काय गो?"

"आमिष, बाबा. पिसांचं."

"मासा काय कोंबडी आहे? पिसं बघून येईल?"

"येतो. बघा तर."

"आणि आला की?"

"सोडायचा. बहुतेक वेळा."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "पोरी, तू पुण्याची आहेस हे मला माहीत होतं. पण इतकी पुण्याची असशील असं वाटलं नव्हतं."

वरदा खळखळून हसली. बाबा हसले नाहीत, पण तोंडाचा कोपरा हलला. रविवारी खाडीवर मासा लागला, माझं टोक वाकलं, मूठ त्यांच्या तळहातात थरथरली. त्यांनी मासा पाण्यातून वर घेतला आणि बघतच राहिले.

"अरे, हा तर आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ!"

त्या दिवसापासून रविवारची वाट वरदापेक्षा तेच जास्त बघायला लागले. डेरेकचं कौतुक मला ऐकायला मिळालं होतं, पण बाबांचं वेगळं होतं. ते कॉर्कवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "काठी शहाणी आहे. माशाच्या आधी हिला कळतं." माझ्या मुठीत त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला तो तेव्हापासून. फ्लायसुद्धा ते स्वतः बांधू लागले. झिरमिळ्या संपल्या तेव्हा त्यांनी गणपतीच्या सजावटीचा खोका उघडला आणि चंदेरी पट्ट्या कापून घेतल्या.

पण जुलैच्या सुरुवातीला त्यांनी मला पुसून भिंतीला टेकवलं. "आषाढ लागला," ते म्हणाले. "समुद्र बंद."

वरदा म्हणाली, "बाबा, इथे आत्ताच तर खरा सीझन आहे. सगळे जण आत्ताच जातात."

"जाऊ देत. या दिवसांत मासळी पोटुशी असते. हिच्या पोटातल्या पिल्लांवर पुढचं वर्ष असतं. माझ्या आज्यानं कधी धरली नाही, बापानं धरली नाही, मी धरली नाही. नारळी पौर्णिमा झाली की जाऊ."

इथे त्या दिवसांत मासळी पोटुशी नसते, हे वरदाला माहीत होतं. इथे ते दिवस थंडीच्या शेवटी येतात. तिने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हाताऱ्या माणसाची श्रद्धा, कशाला मोडा, असं तिला वाटलं असेल. बाबांनी नारळी पौर्णिमेपर्यंत मला हात लावला नाही. पौर्णिमेला सगळे खाडीवर गेले. बाबांनी नारळाला हळदकुंकू लावून तो पाण्यात सोडला. मायरा म्हणाली, "आजोबा, तो नारळ कुठे गेली?" आणि बाबा म्हणाले, "फ्रान्सला गेली. व्हिसा लागत नाही तिला."

ते सगळं किती गोड होतं. मित्रांनो, मला ते गोड वाटलं म्हणून आज जास्त लागतं. ज्या माणसाला पोटुशी मासळी धरायची नव्हती, त्याला ती इथे केव्हा पोटुशी असते हे आम्ही कोणीच सांगितलं नाही.

थंडी आली. खाडीवर कोणी जात नव्हतं. मार्च सरत आला आणि शिमगा आला. बाबा अस्वस्थ झाले. हर्णैला कोळ्यांचा शिमगा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. होड्या सजतात, पालख्या नाचतात. अनुप म्हणाला, "बाबा, गार्डनमध्ये होळी पेटवू या का? पण शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील."

"नको रे," बाबा म्हणाले आणि पुन्हा खिडकीपाशी बसले.

वरदाला ते बघवलं नाही. "चला बाबा," ती म्हणाली, "खाडीवर जाऊन येऊ. लागला तर लागला." तिच्या मनात मासा लागला तर सोडायचं असणार. मी तिला ओळखते.

वारा बोचरा होता. बाबांनी गणपतीच्या झिरमिळ्यांचा फ्लाय बांधला आणि खाडीच्या तोंडाशी दोरी टाकली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग अचानक मी मुळापर्यंत वाकले. एवढं ओझं मी आधी कधी उचललं नव्हतं. दोरी कड्यांतून सूं करत बाहेर गेली. बाबांनी तिला जाऊ दिलं, ओढलं, परत जाऊ दिलं. "सोडू नको, सोडू नको," ते मला म्हणत होते. माझ्यातली नस न् नस ताणली गेली होती, पण मी मोडले नाही. त्या दिवशी मोडले असते तर बरं झालं असतं.

मासोळी काठावर आली. हातभर लांब, पोट गच्च. बाबा पाण्यात उभे होते, पँट मांडीपर्यंत भिजलेली. आणि ते हसत होते. तोंड उघडून, सगळे उरलेसुरले दात दाखवत.

"शिमग्याचा मान!" ते ओरडले. "वरदा, देवीनं शिमग्याचा मान पाठवला!"

वरदाने टेप काढला, मासोळीशेजारी धरला आणि लांबी मोठ्याने वाचून दाखवली. लांबी भरपूर होती, मापात बसत होती. तेवढं खरं होतं. बाकीचं ती बोलली नाही.

तेवढ्यात एक माणूस कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावरून चालला होता. तांबड्या टोपीचा, आमच्यासारखाच तिथे नेहमी येणारा. तो थांबला.

"नाइस फिश," तो म्हणाला. "पुटिंग हर बॅक?" परत सोडणार ना, असं विचारत होता.

"येस, ऑफ कोर्स," वरदा म्हणाली.

तो मान हलवून पुढे गेला. बाबांना त्याचं इंग्रजी कळलं नव्हतं.

"काय म्हणाला गो?"

"म्हणाला, मासा छान आहे."

"आहेच मुळी!" बाबा म्हणाले, आणि मासोळीच्या कल्ल्यांत बोटं घालून त्यांनी तिला उचललं.

बाबांनी मला वरदाकडे दिलं होतं, तिने मला घट्ट धरलं होतं. तिचा तळवा घामेजला होता, एवढ्या थंडीत. मला तोंड नाही, नाहीतर मी ओरडले असते, असं मी स्वतःला सांगते. पण ती सबब आहे. तोंड असलेली माणसंही गप्प होती. बाबांचं ते हसू मी पण बघत होते आणि मलाही ते संपायला नको होतं.

घरी आल्यावर वरदाने मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सिंकजवळ टेकवलं. धुवायचं म्हणूनच टेकवलं होतं. बाबांनी बाह्या सरसावल्या, विळी इथे नव्हती म्हणून मोठी सुरी घेतली. मायरा स्टुलावर चढून बघत होती. बाबांनी मासोळीचं पोट चिरलं.

आत दोन्ही बाजूंना गाबोळी होती. पिवळसर, भरलेली, हाताच्या पंजाएवढी. लाखो अंडी.

बाबांचा हात थांबला. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

त्याच वेळी अनुप आत आला. "अरे वा, गाबोळी! बाबा, तळू या ना! किती वर्षांत खाल्ली नाही—"

"अनुप," वरदा म्हणाली, "मायराला बाहेर ने."

"का? काय झालं?"

"ने म्हटलं ना."

ते दोघं गेले. बाबांनी सुरी खाली ठेवली. त्यांनी वरदाकडे बघितलं नाही, मासोळीकडेच बघत राहिले.

"इथं यांचे दिवस कधी असतात?"

वरदा ओट्यावरचं पाणी पुसायला लागली.

"पोरी, मी विचारतो आहे."

"आत्ता, बाबा. फेब्रुवारी, मार्च. या महिन्यांत धरली तर सोडायची असते. नियम आहे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

वरदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुम्ही किती दिवसांनी हसत होतात, बाबा. मला नाही सांगवलं."

"माझ्या हसण्यापायी हिची सगळी पिल्लं गेली ना."

ते मोठ्याने बोलले नाहीत. मोठ्याने बोलले असते तर घराला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सुरी उचलली.

"आणि तुला तरी काय बोलू," ते म्हणाले. "मी कुठं विचारलं? दुसऱ्याच्या समुद्रावर आलो आणि आपलंच कालनिर्णय लावून बसलो. आषाढात मोठा साधू झालो. हिच्या दारात आषाढ आला तेव्हा..." ते थांबले. "तेल तापव. मारली आहे, आता फेकायची नाही. फेकली तर आणखी वाईट."

त्यांनी तिचं कालवण केलं, गाबोळी तळली, सगळ्यांना वाढलं. स्वतःच्या ताटात फक्त भात घेतला.

"आजोबा, तुम्हाला नको?" मायराने विचारलं.

"नको बाळ. तू खा. सगळं संपव."

सगळे जेवले. कोणी चव सांगितली नाही.

त्या गडबडीत मला कोणी धुतलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. दोन दिवसांनी अनुपने मला उचललं आणि गॅरेजमध्ये, ख्रिसमस ट्रीच्या खोक्यामागे ठेवून दिलं. माझ्या अंगावर समुद्राचं मीठ वाळलं होतं. तिसऱ्या कडीला त्या ओढाताणीत बारीक चरा पडला होता, त्यात मीठ बसलं. एप्रिल गेला, मे गेला. बाहेर खरा हंगाम होता. खोक्यामागे अंधार होता आणि मीठ सावकाश कडी खात होतं. मला त्याचा राग आला नाही. कशाने तरी मला खायलाच हवं होतं, असं वाटायचं.

गॅरेजची भिंत पातळ होती, स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू यायचं. बाबा आता वरदाशी फार नीट बोलायचे. "चहा छान झाला." "उगाच त्रास घेऊ नकोस." "थँक्यू." आधी ते तिला पुण्यावरून टोमणे मारायचे, ते बंद झालं. वरदा त्या थँक्यूने रोज थोडी वाळत होती. नारळी पौर्णिमा आली. वरदाने नारळ आणून ठेवला. बाबा म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?" नारळ कपाटात राहिला.

दिवाळीनंतर ते अनुपला म्हणाले, "माझं तिकीट बघ."

"कुठलं तिकीट? हर्णैला कोण आहे, बाबा? घराला कुलूप आहे."

"कुलूप उघडता येतं."

"पण का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. मला इथलं काही समजत नाही. समजत नाही तिथं माणसाच्या हातून पाप होतं. मार्च यायच्या आत जातो."

अनुप वैतागला, बाहेर निघून गेला. सिंकपाशी वरदाच्या भांड्यांचा आवाज येत होता. नळ कितीतरी वेळ चालूच राहिला.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी गॅरेजचा दिवा लागला. वरदाने खोका बाजूला केला आणि मला बाहेर काढलं. तिसऱ्या कडीवरची हिरवी पूड बघून तिने ओठ चावला. कोमट पाण्याने मला धुतलं, जुन्या टूथब्रशने कड्या घासल्या. मग मला घेऊन ती बाबांच्या खिडकीपाशी गेली. तिकिटाचा कागद तिथेच, चष्म्याखाली होता.

"बाबा, उद्यापासून इथला समुद्र बंद."

बाबांनी वर बघितलं.

"उद्या फेब्रुवारी लागतो. पण बंद कसा करायचा, ते मला येत नाही. आमच्या पुण्यात समुद्र नाही. मला कोणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवा आणि मग जा."

बाबांनी हात पुढे केला. त्यांचा अंगठा माझ्या मुठीतल्या खळग्यात बरोबर बसला. ते कड्यांवरून बोट फिरवत गेले, तिसऱ्या कडीपाशी थांबले.

"हिला काय झालं?"

"त्या दिवशी धुतली नाही, बाबा."

"हं."

त्यांनी हळदकुंकू मागवलं. मुठीला एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं लावलं. माझे चार तुकडे वेगळे केले, पुसले, पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधलं. मायराही येऊन बसली होती. बाबा म्हणाले, "आता बाळ, हिला हात नाही लावायचा. तूही नाही, मीही नाही. कोणी कितीही हसलं तरी नाही."

"कोण हसणार?" मायराने विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले.

नंतर ते वरदाकडे वळले. "बंद केला तो उघडायला लागतो. अर्धं काम टाकून कोणी जात नाही. अनुपला सांग, तिकीट पुढं ढकल."

मी दोन महिने त्या पिशवीत होते. शिमगाही त्यात येऊन गेला. त्या वर्षी बाबांनी तो पुरणपोळीवर भागवला.

एक एप्रिलला सगळे खाडीवर गेले. मायरा म्हणाली, "आज एप्रिल फूल आहे, आजोबा. समुद्राला वाटेल आपण जोक करतो." बाबांनी बरोबर नवीन नारळ घेतला होता. हळदकुंकू लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, नारळ पाण्यात सोडला. लाटेने तो परत त्यांच्या पायाशी आणून टाकला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा परत आला.

"घेत नाही," वरदा हळूच म्हणाली.

"भरती चालू आहे," बाबा म्हणाले. "ओहोटी लागली की घेईल. आणि नाही घेतला तर तेही बरोबरच आहे. थांबू."

थांबले. वारा तसाच बोचरा. आणि किनाऱ्यावरून तांबड्या टोपीचा माणूस आला, त्याच्या कुत्र्याबरोबर. कुत्रा नारळ हुंगायला लागला. त्या माणसाने वरदाला ओळखलं, हात वर केला. वरदा माझ्यासकट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मुठीवरची तिची पकड गेल्या वर्षीसारखीच घट्ट होती.

"गेल्या वर्षी तुम्ही एक मासा बघितला होता," ती इंग्रजीत म्हणाली. "मी म्हणाले होते, सोडणार. आम्ही सोडला नाही. मला नियम माहीत होता. मी खोटं बोलले."

त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग म्हणाला, "शी वुड हॅव बीन फुल ऑफ रो." एवढंच. कुत्र्याला शीळ घातली आणि निघून गेला. इट्स ओके म्हणाला नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

"काय म्हणाला गो?" बाबांनी विचारलं.

"म्हणाला, तिच्या पोटात अंडी असणार."

"आणि तू काय सांगितलंस त्याला?"

"खरं ते."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ ते त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी मला तिच्या हातून घेतलं, माझ्या दोरीला फ्लाय बांधला, हुकाचा काटा चिमट्याने दाबला आणि मला तिच्याकडे परत दिलं.

"टाक," ते म्हणाले. "बघू, पुणेकरणीला अजून जमतं का."

वर्षभराने तो टोमणा आला होता. वरदा रडत रडत हसली आणि तिने मला मागे घेतलं. दोरी कड्यांतून निघाली. तिसऱ्या कडीपाशी आली आणि करकर वाजली. सगळ्यांनी ऐकलं.

"बाबा, ही कडी बदलून घेऊ का? मिळते दुकानात."

"असू दे," बाबा म्हणाले. "वाजू दे."

त्या दिवशी एकही मासा लागला नाही. ओहोटी लागली तेव्हा नारळ हळूहळू खाडीच्या तोंडाकडे गेला. समुद्राने तो घेतला की नुसता ओढून नेला, मला सांगता येणार नाही. तिकिटाचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही, पण तिकीट रद्दही केलेलं नाही.

मित्रांनो, समुद्रावरून आल्यावर तुमच्या वस्तू गोड्या पाण्याने धुवा. परक्या पाण्यात उतरायच्या आधी त्याचे दिवस कोणते ते विचारा आणि तुम्हाला माहीत असेल तर समोरचा हसत असला तरी सांगा. मी आता म्हातारी झाले आहे, तरी समुद्र उघडा असला की दर रविवारी खाडीवर जाते. बाबा काही लागलं तर हात ओले करतात, माशाचं तोंड प्रवाहाकडे धरतात आणि तो शेपटी मारेपर्यंत हात काढत नाहीत. मग दोरी पुन्हा निघते, तिसऱ्या कडीपाशी येते आणि करकर वाजते. बाबा क्षणभर थांबतात. वरदाही थांबते. मग दोरी पुढे जाते.